पडद्यावरचा डावा बैल

माझ्या थोरल्या भावाला शिकवलं आणि मला बैलांमागं लावलं, या गोष्टीचा राग मी आजपर्यंत जपून ठेवला आहे. राग पाळायला सोपा. त्याला वैरण लागत नाही, पाणी लागत नाही, उन्हाळ्यातही त्याची तब्येत उतरत नाही. आमच्या तांड्यातली जुनी माणसं सांगायची की आपले पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य लादून मुलूखभर हिंडायचे, म्हणून बैल ओळखणं आपल्या रक्तातच आहे. वडिलांनी सातवीनंतर हे वाक्य माझ्यापुढं ठेवलं आणि भावापुढं दहावीची पुस्तकं ठेवली. रक्त तर दोघांचं एकच आहे, हे मी त्या दिवशी बोललो नाही. नंतर मात्र दर दिवाळीला बोललो.

भाऊ हिंगोलीला एका कचेरीत कारकून झाला. मी बैलांचा दलाल झालो, आणि नव्वदच्या दशकात आमच्या भागातल्या बैलबाजारात बऱ्यापैकी नाव कमावलं. आमच्या धंद्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा हातावर उपरणं टाकतात आणि त्याखाली एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगतात. तोंडानं पाऊसपाणी, सोयरसंबंध, काहीही बोलत राहायचं. खरं बोलणं उपरण्याखाली. मी मूळचा तापट, त्यामुळं माझी बोटंही तापट. एकदा एका शेतकऱ्याचं बोट मी एवढं दाबलं की तो "व्हय व्हय" म्हणाला. तो आकड्याला व्हय म्हणाला की दुखलं म्हणून, ते मी विचारलं नाही.

मग कधीतरी दोन हजार पाचच्या पुढंमागं भावाच्या कचेरीत कॉम्प्युटर आला. त्या दिवाळीत तो जेवायला बसला आणि कॉम्प्युटरशिवाय दुसरं बोलला नाही. मी विचारलं, "त्यात बैलांच्या नोंदी ठेवता येतील का?" तर तो हसून म्हणाला, "तुला काय करायचंय? तुझं उपरणं बरं हाय."

भाऊबीजेनंतर चौथ्या दिवशी मी हिंगोलीला जाऊन जुना कॉम्प्युटर घेतला. घासाघीस एवढी केली की विकणाऱ्यानं कंटाळून वरून एक जुना डिजिटल कॅमेरा आणि धूळ बसू नये म्हणून प्लास्टिकचं कव्हर दिलं. फक्त शिकवायला तयार होईना. त्याचे वेगळे पैसे, म्हणाला.

मी म्हणालो, "आमी बैल इकताना चालवून दाखवतो. त्याचे येगळे घेतो का?"

"मग बैलच घ्या," तो म्हणाला.

मी रागानं कॉम्प्युटर उचलून जीपमध्ये ठेवला आणि न शिकता घरी आलो. पुढचं सगळं जे झालं, त्याचं मूळ त्या अर्ध्या दिवसाच्या वाचवलेल्या शिकवणीत आहे, हे मला मान्य करायला बरीच वर्षं लागली.

त्या कॉम्प्युटरमध्ये एक वहीसारखा प्रोग्राम होता. बाजूला पानांची यादी, आणि पानावर कुठंही लिहा, कुठंही फोटो चिकटवा. मला तो फार आवडला. प्रत्येक बैलाला मी एक पान दिलं. गाव, मालक, दात किती, खोड काय, सगळं बोटानं एकेक अक्षर शोधून लिहिलं, आणि खाली फोटो. आता गिऱ्हाइकाला चार गावं हिंडवायची गरज नाही, घरी बसून चहा पीत बैल बघा. तालुक्यात असं दुसऱ्या कुणाकडं नव्हतं, आणि भावाकडं तर नव्हतंच.

अडचण एकच होती. माझे बैल सगळे आडवे पडलेले होते.

शिंगाच्या टोकापासून खुरापर्यंत बैल यावा म्हणून मी कॅमेरा उभा धरायचो. पडद्यावर फोटो आडवा यायचा. वहीच्या प्रोग्राममध्ये चिकटवलेला फोटो लहान करता यायचा, मोठा करता यायचा, इकडून तिकडं ओढता यायचा, पण फिरवता येत नव्हता. निदान मला तरी तसं बटन सापडलं नाही. मी दोन दिवस शोधलं. रागाच्या भरात मी त्या फोटोचा कोपरा माऊसनं धरून असा ओढला की बैल खारीएवढा झाला.

शेतकऱ्याला पडलेला बैल दाखवून बघा. पहिलं गिऱ्हाईक आलं, त्यानं मान वाकडी केली, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "ह्यो औताला बसतो काय?" औताला जुंपल्यावर खाली बसणारा बैल कुणी फुकट घेत नाही. मी म्हणालो, तो उभाच आहे, फोटो पडलाय. तो म्हणाला, "असंल. पर बाजूचा मालक बी पडल्यावनी दिसून राहिला." आणि चहा पिऊन गेला.

यावर माझा पहिला उपाय असा होता की मी पडदाच फिरवला. तेव्हाचे ते मागं पोट असलेले जड पडदे. मी तो कुशीवर निजवला आणि पडू नये म्हणून खाली ज्वारीचं अर्धं पोतं लावलं. बैल उभे राहिले. लिहिलेलं सगळं मात्र आडवं झालं. बायको दारात येऊन बघत राहिली. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो, पण ती जे म्हणाली त्याचं मराठी असं होईल, "जनावर आजारी पडलं की तुमी असंच करता. कुशीवर निजवता अन् पोतं लावता."

शेवटी मला चित्रं रंगवायचा एक प्रोग्राम सापडला. वहीतला फोटो उचलायचा, तिथं नेऊन टाकायचा, फिरवायचा आणि परत वहीत आणून चिकटवायचा. त्यात फिरवायची जी यादी होती ती इंग्रजीत होती, आणि सातवीपर्यंतचं माझं इंग्रजी वडिलांनी मध्येच सोडायला लावलेलं. मी एकेक दाबून बघत गेलो. एक दाबलं तर बैल डोक्यावर उभा राहिला, चारी पाय आभाळाकडं. दुसरं दाबलं तर पाय खाली आले. झालं. दोन दाबण्यांत बैल सरळ. मी सगळ्या बैलांना तीच दोन बटनं लावली आणि एका दुपारीत अख्खा गोठा उभा केला. त्या आनंदात भावाला फोन लावला, पण तो कामात होता.

दुसऱ्या बटनानं नेमकं काय केलं, हे मला ठाऊक नव्हतं. ते बटन फोटो फिरवत नव्हतं, तो उलटवत होतं. पाण्यात झाड दिसतं तसं. म्हणजे वरचं खाली तर यायचंच, पण त्या पहिल्या फिरवण्याशी त्याची गाठ पडली की डावं उजवं होऊन बसायचं. बैल पायांवर उभा आहे एवढंच मी बघितलं. एकटा बैल डावा काय न् उजवा काय, दिसायला सारखाच.

पुढल्या उन्हाळ्यात पुसेगावहून एक मावशी आल्या. नवरा वारलेला, दोन मुली नांदायला गेलेल्या, शेत स्वतः करणाऱ्या. त्यांच्या जोडीतला डावीकडचा बैल साप चावून मेला होता. राहिलेला उजवीकडं चालणारा. पेरणीला महिनाही नव्हता. बैलांचं असं असतं की एकदा ज्या बाजूला शिकला त्याच बाजूला तो जन्मभर चालतो. डावीकडचा उजवीकडं जुंपला तर तो औत ओढत नाही, आपली जागा शोधत बसतो. हे शेतातल्या लहान लेकरालाही माहीत असतं. मला तर रक्तातूनच माहीत होतं.

मावशींशी सौदा करणं मला आधीच अवघड. बाईमाणसाचा हात उपरण्याखाली धरता येत नाही, त्यामुळं भाव तोंडानंच बोलायचा, आणि तोंडानं बोललं की चार माणसं ऐकतात. माझी निम्मी विद्या तिथंच संपली. म्हणून मी त्यांना सरळ कॉम्प्युटरपुढं बसवलं.

वसमतकडच्या एका हळदवाल्या शेतकऱ्याची जोडी होती. त्यानं ट्रॅक्टर घेतलेला, एक बैल गाडीला ठेवून एक विकायचा होता. विकायचा तो पाठीवर पांढरा चांद असलेला. मी स्वतः चैत्रात तिथं जाऊन, जोडी औताला चालताना बघून, मागून फोटो काढला होता. पडद्यावर चांदवाला डावीकडं होता. शेजारी मालक चाबूक घेऊन उभा.

मावशींनी चष्मा पुसला. "डाव्या अंगाचा हाय ना भाऊ?"

"हे काय समोर दिसून राहिलं," मी पडद्यावर बोट आपटलं. "डावीकडंच उभा हाय का न्हाई?"

त्या आणखी जवळ गेल्या. "मालक डावखुरा हाय व्हय? चाबूक डाव्या हातात धरलाय."

"मावशी, तुमाला बैल घ्यायचा का मालक?"

त्यांनी चष्मा काढून पिशवीत ठेवला. मी जिंकलो. माझ्या आयुष्यातली बरीचशी भांडणं मी अशीच जिंकली आहेत. निघताना त्या म्हणाल्या, "बघा भाऊ, माझं एकच औत हाय. वाफसा काय माझ्यासाठी थांबायचा न्हाई." मी छातीवर हात ठेवून सांगितलं की बैल चुकला तर तुमची पेरणी मी करून देईन. हे वाक्य दलाल लोक दिवसातून चारदा बोलतात. तिथं कुणी ते मनावर घेत नाही. मावशींनी घेतलं.

बैल टेम्पोत घालून मी पुसेगावला पोचवला. आणायला गेलो तेव्हा मालक घरी नव्हता, त्याच्या म्हाताऱ्या आईनं दावं सोडून दिलं. चालवून बघायचं राहिलं. खरं तर गरज नाही असंच मला वाटलं, कारण मी चैत्रात डोळ्यांनी बघितलं होतं ना. आता विचार करतो तेव्हा नवल वाटतं. मी त्या बैलाला उजवीकडं चालताना प्रत्यक्ष बघितलं होतं, आणि तरी माझ्या डोक्यात राहिलं ते पडद्यावरचं. महिनाभर रोज तो फोटो बघून बघून खऱ्या बैलावर तो खोटा बैल चढून बसला होता.

पाऊस झाला, वाफसा आला, म्हणजे जमीन पेरणीजोगी झाली. सकाळीच मावशींचा गावातून कुणाच्या तरी फोनवरून फोन. त्या ओरडल्या नाहीत. "भाऊ, या," एवढंच म्हणाल्या.

मी जीपनं पोचलो तेव्हा शेतात बघ्यांची बैठकच भरलेली होती. तिफणीला, म्हणजे पेरायच्या औताला, दोन्ही बैल जुंपलेले, आणि दोघंही उजवीकडंच जाऊ बघत होते. चांदवाला पुढं जाऊन जुन्या बैलाच्या अंगावर चढत होता, कासऱ्यांचा गुंता झालेला, तिफण धरणारा सालगडी घामाघूम. मावशींनी बैलांची बाजू बदलून बघितली होती, तर चांदवाला झकास उभा राहिला आणि जुना बैल अडून बसला.

"ह्यो डावा न्हाई, भाऊ," मावशी म्हणाल्या.

माझं डोकं फिरलं. मी तिथूनच वसमतच्या मालकाला फोन लावून फसवणुकीवरून शिव्या घातल्या. त्यानं सगळ्या ऐकून घेतल्या आणि शांतपणे विचारलं, "तुमीच फोटो काढला ना? त्यात बघा की. माझ्या उजव्या हाताला भिडून हाय त्यो." मी म्हणालो, तुझ्या हातात चाबूक डावीकडं आहे. तो म्हणाला, "मला डाव्या हातानं घास बी उचलता येत न्हाई, काय बोलून राहिले तुमी?" मग मी निदान तो दुसरा बैल तरी दे म्हणालो. गाडीसाठी ठेवलेला तोही त्यानं आठवड्यापूर्वीच विकून टाकला होता.

फोन बंद केला तेव्हा मला चष्मा पुसणाऱ्या मावशी आठवल्या. त्या माझ्याकडंच बघत होत्या. डावखुऱ्याचं त्यांनी काढलं नाही. काढलं असतं तर मी चिडलो असतो आणि मला बरं वाटलं असतं.

दुसरा बैल शोधायला पंधरा दिवस लागले असते, तोवर ओल उडाली असती. भाड्यानं औत मिळेना, वाफसा सगळ्यांचाच एकदम आलेला. मावशी म्हणाल्या, "तुमी काय म्हनले होते?"

"काय म्हणलो होतो?"

"पेरनी करून देतो म्हनले होते."

चार माणसं ऐकत होती. उपरणं नव्हतं. मी चपला काढून बांधावर ठेवल्या.

नव्या बाजूला बैल चालतो, पण कधी, तर त्याची वेसण धरून कुणीतरी तोंडापुढं चालत राहिलं तर. सालगडी तिफणीवर, मावशी मागं चाड्यात, तिफणीवरच्या बियाण्याच्या वाटीत, सोयाबीनची मूठ सोडणाऱ्या, जुना बैल त्याच्या जागेवर, आणि चांदवाल्यापुढं मी. तो बैल उजवीकडं ढकलायचा, मी डावीकडं ओढायचो. पहिल्या दिवशी मी त्याला शिव्या दिल्या. मावशी मागून म्हणाल्या, "त्याला काहून बोलून राहिले? त्यानं का फोटो काढला?" दुसऱ्या दिवशी मी शिव्या कॉम्प्युटर विकणाऱ्याला दिल्या. तिसऱ्या दिवशी आवाजच बसला, आणि गंमत अशी की बैल त्याच दिवसापासून जरा नीट चालायला लागला.

आठ दिवस मी पुसेगावला ढेकळं तुडवली. पायाच्या भेगांत काळी माती अशी बसली की दिवाळीपर्यंत निघाली नाही. रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण थांबायचा. "शेठ, बैल कोन्ता, उजवा का तुमी?" कुणी म्हणे, "कॉम्प्युटरला पन जुंपा एका अंगाला." बाजारात ज्यांची बोटं मी दाबली होती ते लोक खास वाट वाकडी करून बघायला आले. एक जण तर लेकराबाळांना घेऊन आला.

सातव्या दिवशी, रविवार होता, बांधावर भाऊ उभा. इस्त्रीची पँट, पायात बूट. बातमी हिंगोलीपर्यंत गेली होती. मी वेसण सोडली नाही आणि त्याच्याकडं बघितलंही नाही. तो तसाच ओळीच्या कडेकडेनं माझ्याबरोबर चालायला लागला.

"फोटो उलटा केलास म्हणं?"

"हसायचं असेल तर हस अन् जा."

"हसायला न्हाई आलो. कसा केलास ते इचारायला आलो."

मी चालता चालता सगळं सांगितलं. कॅमेरा उभा, फोटो आडवा, वहीत फिरत नाही, दुसरीकडं नेलं, दोन बटनं. ओळ संपली, वळणावर बैल थांबले, तेव्हा तो हळूच म्हणाला, "आमच्या हापिसात पन स्कॅन केलेले कागद पडद्यावर आडवेच येतात."

"मग तुमी काय करता?"

"प्रिंट काढतो. अन् हातानं फिरवून फायलीला लावतो."

वीस वर्षं मी ज्याच्या शिक्षणावर जळत होतो, तो माणूस हातानं कागद फिरवत होता. मला एवढं हसू आलं की बैल बिचकला आणि तिफण ओळ सोडून गेली.

"हसता काय!" मावशी मागून ओरडल्या. "अन् तुमी सर, उभे काहून? तिकडल्या बैलाच्या अंगाला धरा. दोन ओळी वाकड्या झाल्या माझ्या."

भावाला सर म्हणलेलं आवडलं असावं. त्यानं बूट काढले, पँट दुमडली आणि जुन्या बैलाच्या बाजूनं चालायला लागला. त्याला सगळं आठवत होतं. वळणावर कुठल्या बैलाला आधी थांबवायचं, कासरा किती ढिला ठेवायचा, सगळं. वडिलांनी त्याला पुस्तकाकडं लावायच्या आधी तोही माझ्यासारखाच वेसण धरून चालला होता, हे मी सोयीनं विसरलो होतो. तो एकदा म्हणाला, "जरा दमानं," ते मला म्हणाला की बैलाला, मी विचारलं नाही. तीन ओळी झाल्यावर हिंगोलीला जाणारी जीप निघायची वेळ झाली. त्यानं पाय धुतले, बूट घातले आणि गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटची ओळ पडली. शेवटच्या अर्ध्या तासात मी वेसण सोडून बघितली आणि चांदवाला डावीकडून, मान जरा तिरकी ठेवून का होईना, आपला आपण चालत गेला. मावशींनी चाडं उलटं करून झटकलं, बैलांच्या पाठीवरून हात फिरवला आणि मला म्हणाल्या, "झालं बघा. आता जा घरी. बायको वाट बघत असंल." आभार वगैरे काही नाही. मी केलं ते बोललो होतो म्हणून केलं, एवढाच त्यांच्या लेखी त्याचा हिशोब, आणि तो बराबर होता.

आठवड्यानं मी बैलबाजारात गेलो. म्हटलं, चेष्टा होईल ती एकदाची होऊन जाऊ दे. पहिलाच व्यापारी भेटला तो म्हणाला, "पुसेगावची पेरणी शेवटी तुमच्या थोरल्या भावानं उरकून दिली म्हणं! शिकलेला माणूस, सुट्टीच्या दिवशी येऊन चिखलात उतरला." मी विचारलं, कुणी सांगितलं? तर म्हणे त्यांनीच, हिंगोलीला, कचेरीत सगळ्यांना सांगून राहिले.

तीन ओळी. आठ दिवसांतल्या फक्त तीन.